कास्तकार कोण?

(अकोला येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वऱ्हाडात शेती करणाऱ्या माणसाला सहसा शेतकरी म्हणत नाहीत, कास्तकार म्हणतात. 'शेतकरी' हा शब्द येथे वर्तमानपत्रातून, सरकारी परिपत्रकातून आणि सभेच्या फलकावरून येतो. अमरावतीच्या कापूस बाजारात, अकोल्याच्या बसस्थानकावर किंवा दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या एखाद्या चहाच्या टपरीवर 'तो कास्तकार माणूस आहे' एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला त्या माणसाची सारी परिस्थिती कळते. इतका अंगवळणी पडलेला शब्द असल्यामुळे त्याचा नेमका अर्थ काय, असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. तो प्रश्न येथे केवळ भाषाशास्त्राच्या हौसेखातर उपस्थित केलेला नाही. या एका शब्दाच्या कक्षेत कोण बसतो आणि कोण बसत नाही, यावर कर्जमाफी कोणाला, पीकविमा कोणाला आणि मरणानंतरची मदत कोणाच्या कुटुंबाला, हे ठरत असते.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. 'कास्तकार' हे फारसी 'काश्तकार' या शब्दाचे वऱ्हाडी उच्चारातले रूप. फारसीत 'काश्तन' म्हणजे पेरणे. त्यावरून 'काश्त' म्हणजे पेरणी, लागवड. त्याला 'करणारा' या अर्थाचा 'कार' हा प्रत्यय लागला. कास्तकार म्हणजे पेरणी करणारा. या शब्दात मालकीचा, सातबाऱ्याचा, खात्याचा गंधही नाही. ज्याच्या हातून बी मातीत पडते तो कास्तकार, इतका त्याचा अर्थ साधा आहे.

भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांनी अशा शब्दांना परके ठरवून बाजूला सारण्याचा खटाटोप वेळोवेळी केला. या शब्दाच्या बाबतीत तरी तो व्यर्थ होता. फारसी आणि संस्कृत या एकाच मूळ कुळातल्या भाषा आहेत, आणि फारसीतील 'काश्त' ज्या धातूपासून आला त्याचेच संस्कृत रूप 'कृष्' आहे. त्या धातूपासून कृषी, कृषक आणि हिंदीतील किसान हे शब्द झाले. मराठीतील 'कसणे' हे क्रियापदही त्याच 'कृष्' पासून आलेले. म्हणजे 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा ज्या क्रियापदावर उभी आहे ते क्रियापद आणि वऱ्हाडातला कास्तकार हे दूरचे नव्हे, सख्खे नातेवाईक आहेत. अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९५५ साली देशपातळीवरची संघटना स्थापन केली तेव्हा तिला 'भारत कृषक समाज' असे नाव दिले. पश्चिम महाराष्ट्रात कुळांना मालकी देणारा १ एप्रिल १९५७ हा दिवस 'कृषक दिन' म्हणून ओळखला गेला. शब्द निरनिराळे दिसतात, पण सर्वांच्या मुळाशी क्रिया एकच आहे, आणि ती क्रिया मालकीची नाही, श्रमाची आहे.

हा शब्द वऱ्हाडात रुजला कसा? अचलपूरची इमादशाही १४९० ते १५७४ अशी टिकली. पुढे १५९६ च्या सुमारास वऱ्हाड मोगलांचा सुभा झाला, आणि नंतर निजामाच्या व नागपूरकर भोसल्यांच्या दुअंमलाखाली गेला. या सर्व काळात महसुलाचे दफ्तर फारसी वळणाचे राहिले. मक्ता, इजारा, जमाबंदी, रयत हे सारे त्याच दफ्तरातले शब्द. यांतला 'रयत' हा शब्द तर विशेष बोलका आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ चरण्यासाठी राखलेला कळप असा होतो. राजा गुराखी आणि प्रजा त्याची गुरे, ही कल्पना त्या शब्दात आहे. त्या मानाने काश्तकार हा शब्द माणसाला माणूस समजणारा होता. जमिनीवर सत्ता सरकारची, वसुली देशमुख-देशपांड्यांची, आणि काश्त ज्याची तो काश्तकार. पडीत जमीन वहितीला आणणारा माणूस दरबाराला हवा असे, कारण पेरल्याशिवाय सारा येत नाही. म्हणून दफ्तराला पेरणाराची ओळख ठेवावी लागे.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि येथून या शब्दाच्या अर्थाला वेगळे वळण लागले. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारीची मोजणी झाली. शेताला क्रमांक मिळाला, त्याच्यावर सारा बसला आणि जो सारा भरील त्याच्या नावाने खाते उघडले. हा खातेदार. खात्यावरची जमीन आता विकता येऊ लागली, गहाण ठेवता येऊ लागली. नेमक्या याच काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ पर्यंत आगगाडी अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचली. कापसाला भाव आला, जमिनीला किंमत आली, आणि जमिनीला किंमत आली म्हणजे ती गहाण घेणारा येतोच. सावकार, अडत्या, वकील, नोकरदार यांच्या नावावर खाती चढू लागली. खाते आणि पेरणी यांची फारकत झाली ती येथे. आणि गंमत अशी की, या फारकतीत 'कास्तकार' हा मानाचा शब्द खात्याबरोबर गेला, पेरणीबरोबर राहिला नाही. स्वतः तिफणीला कधी हात न लावणारा, तालुक्याच्या गावी वाड्यात राहणारा माणूसही मोठा कास्तकार म्हणून मिरवू लागला.

मग जो प्रत्यक्ष पेरत होता त्याचे नाव काय पडले? मजूर. हाही शब्द फारसीच. त्यातील 'मुज्द' म्हणजे मोबदला. मोबदला घेणारा तो मजूर. दुसरा शब्द सालदार, म्हणजे सालाने बांधलेला. वऱ्हाडात त्याचे साल गुढीपाडव्याला सुरू होते आणि पुढच्या पाडव्याला संपते. या दोन्ही शब्दांत तो माणूस काय काम करतो याचा उल्लेख नाही; त्याला काय मिळते आणि किती काळासाठी तो बांधला गेला आहे, एवढेच सांगितले आहे. म्हणजे जो पेरतो त्याचे नाव मजुरीवरून आणि जो उत्पन्न घेतो त्याचे नाव पेरणीवरून! अर्थशास्त्राच्या ग्रंथांत श्रम आणि मालकी यांच्या विभक्तीवर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. वऱ्हाडच्या बोलीने तो सिद्धान्त दोन शब्दांत नोंदवून ठेवला आहे.

आज वऱ्हाडातल्या एखाद्या वावरात मृगाच्या पावसानंतर जाऊन पाहावे. कपाशीची लागवड बहुतेक ठिकाणी हाताने टोबून होते. संकरित वाण आले, नंतर २००२ पासून बीटी वाण आले, आणि साडेचारशे ग्रॅमच्या महागड्या पिशवीतले बियाणे तिफणीने सांडणे परवडेनासे झाले. म्हणून ओळीत दोरी धरून, अंतर राखून, एकेक सरकी मातीत टाकणाऱ्या बाया दिसतात. तिफणीच्या पेरणीतही मागे सरत्यावर चालणारी बहुधा बाईच असते. निंदण त्यांचेच, वेचणीही त्यांचीच, आणि वेचणीची मजुरी किलोवर. व्युत्पत्तीच्या काट्यावर तोलले तर वऱ्हाडातील पहिल्या नंबरच्या कास्तकार या बाया ठरतात. पण या शब्दाचे स्त्रीलिंगी रूपदेखील फारसे रुळलेले नाही, याची नोंद भाषेच्या अभ्यासकांपेक्षा कार्यकर्त्यांनी घेण्यासारखी आहे. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेऊन बायकांच्या नावावर जमीन करण्याची मोहीम चालविली. तिच्याशी इतर बाबतींत मतभेद असोत, हा कार्यक्रम योग्य होता. मात्र ज्या घरात जमीनच नाही त्या घरातल्या पेरणारणीला त्यातून काही मिळण्यासारखे नव्हते.

आता कायद्याकडे वळू. विदर्भासाठीचा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५८ सालचा. त्याच्या आधारे १ एप्रिल १९६१ पासून कुळांकडे मालकी जावयाची होती. 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व त्याच्या मुळाशी होते यात शंका नाही. परंतु 'जातीने कसणे' याची जी व्याख्या कूळकायद्यात आहे ती लक्षपूर्वक वाचावी. स्वतःच्या श्रमाने कसणे, कुटुंबातील माणसाच्या श्रमाने कसणे, आणि तिसरे, स्वतःच्या किंवा कुटुंबातील कोणाच्या देखरेखीखाली मजुरांकडून कसून घेणे, हे तिन्ही प्रकार 'जातीने कसणे' या एकाच सदरात बसविले आहेत. अट एवढीच की मजुरी रोख किंवा धान्यरूपाने द्यावी, पिकाच्या हिश्श्याने देऊ नये. बांधावर छत्री घेऊन उभे राहणे म्हणजे जातीने कसणे, असा अर्थ कायद्यानेच मान्य केला. (येथील 'जातीने' हा शब्द 'स्वतः' या अर्थाच्या अरबी 'जात' वरून आला आहे, जातिव्यवस्थेशी त्याचा संबंध नाही. पण देखरेख कोणी करायची आणि वाकायचे कोणी, हे गावात कशावरून ठरत आले आहे, ते पाहिले म्हणजे हा योगायोग फारसा निरर्थक वाटत नाही.)

जनगणनेनेही तोच कित्ता गिरविला. २०११ च्या जनगणनेतील व्याख्येप्रमाणे जमिनीच्या लागवडीवर देखरेख करणारा किंवा निर्देश देणारा हाही शेतकरीच मोजला जातो. दुसऱ्याच्या जमिनीवर मजुरीने राबणारा मात्र शेतमजूर. त्याच गणनेत देशात शेतकरी ११ कोटी ८८ लाखांच्या घरात आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख आढळले. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, शेतकरी १२ कोटी ७३ लाख आणि शेतमजूर १० कोटी ६८ लाख होते. स्वातंत्र्यानंतर प्रथमच मजुरांचे पारडे जड झाले. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत ते कितीतरी आधीपासून जड आहे. ही वऱ्हाडची जुनी गोष्ट देशाने उशिरा गाठली, एवढेच.

या व्याख्यांचा कस लागला तो मरणाच्या दारात. विदर्भात आत्महत्यांचे सत्र सुरू झाल्यावर शासनाने २००६ सालापासून मृताच्या कुटुंबाला १ लाख रुपये मदत देण्याची पद्धत ठरविली. त्यासाठी मृत व्यक्ती शेतकरी असली पाहिजे, म्हणजे तिच्या किंवा कुटुंबातील कोणाच्या नावावर जमीन असली पाहिजे. आणि कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असले पाहिजे. या अटींच्या चाळणीतून प्रकरणे पात्र आणि अपात्र अशी निवडली जाऊ लागली. मक्त्याने घेतलेल्या पाच एकरांत ज्याने बी पेरले, ज्याचे बी करपले, ज्याने कृषी केंद्राची उधारी आणि नातलगाकडचे हातउसने घेऊन दुबार पेरणी केली, आणि तीही गेल्यावर ज्याने तेच उधारीचे औषध पोटात घेतले, त्याच्या प्रकरणावर 'अपात्र' असा शेरा पडला. तो कास्तकार नव्हता, असे दफ्तराने ठरविले. फारसी कोश उघडला असता तर तोच कास्तकार ठरला असता आणि ज्याचे वावर त्याने मक्त्याने घेतले होते तो ठरला नसता.

आकडेवारीतही शब्दाची ही कसरत दिसते. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या २०१३ च्या अहवालात शेती हा स्वयंरोजगार असणाऱ्यांच्या आत्महत्या ११,७७२ नोंदल्या होत्या. २०१४ मध्ये वर्गवारी बदलली, आणि शेतकऱ्यांच्या रकान्यात ५,६५० हा आकडा आला. एका वर्षात निम्म्याहून अधिक घट! पण शेजारी शेतमजुरांचा नवा रकाना उघडला होता, त्यात ६,७१० जण होते. बेरीज १२,३६०. माणसे मरायची थांबली नव्हती, एका रकान्यातून दुसऱ्यात गेली होती. २०२२ च्या अहवालात शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३ आहेत. मजुरांची स्वतंत्र नोंद होऊ लागली हे स्वागतार्हच. त्यांचे मरण पूर्वी वेगळे मोजले जात नव्हते. परंतु मदतीचे निकष जमिनीला बांधलेले राहिले, आणि वेगळ्या रकान्यातल्यांना त्या वेगळेपणाचा उपयोग काय झाला, हे विचारणारे थोडे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेचेही तेच. नावात किसान, म्हणजे कसणारा. पण वर्षाचे ६,००० रुपये ज्याच्या नावे जमीन आहे त्या कुटुंबाला. भूमिहीन मक्तेदार, बटईदार आणि मजूर यांना त्यातून वगळले आहे.

असे नाही की कोणाला हे सुचले नाही. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या शिफारशींवरून २००७ साली जे राष्ट्रीय शेतकरी धोरण आले, त्यात शेतकरी या संज्ञेत मालक-कसणारे, कुळे, वाटेकरी, शेतमजूर, पशुपालक, मच्छीमार, वनोपज गोळा करणारे आदिवासी अशा सर्वांचा समावेश केला आहे. त्या व्याख्येत शब्दाला त्याचा मूळ अर्थ जवळजवळ परत मिळाला होता. आयोगाच्या हमीभावाच्या शिफारशीसाठी गेल्या दोन दशकांत किती मोर्चे निघाले! या व्याख्येसाठी कितीसे निघाले? भावाचा प्रश्न खोटा नाही, परंतु भाव मालाला मिळतो आणि माल ज्याच्या नावाने बाजारात उतरतो त्याच्याच घरी तो पैसा जातो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. वऱ्हाडातला सातबाराधारक कास्तकार काही जमीनदार नाही. तीन-चार एकर कोरडवाहू, घरात दोन पोरे, वर बँकेचा तगादा. हंगामात तो आणि त्याची बायकोही दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातात. अशा माणसासमोर मजूर आणि मक्तेदार यांना उभे करणे म्हणजे गरिबात गरिबाची भांडणे लावणे नव्हे काय? हा आक्षेप अर्धा खरा आहे. त्याच माणसाच्या घरात दोन्ही रकाने नांदतात, म्हणूनच त्या रकान्यांच्या भिंती खोट्या आहेत. पण चार एकरवाल्याचे नाव पुढे करून चाळीस एकरवाला आपले हित साधून घेतो, हेही तितकेच खरे. पत्रकांतून 'शेतकरी, शेतमजूर' असे लिहिले जाते तेव्हा मधल्या स्वल्पविरामानंतरच्या माणसासाठी ठरावात नेमके काय मागितले आहे, ते एकदा तपासून पाहावे. बहुधा शीर्षकानंतर तो पुन्हा भेटत नाही.

मक्त्याचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. कूळ लागले तर जमीन जाईल या भीतीने १९५८ च्या कायद्यानंतर मालकांनी लेखी करार करणे सोडले. मक्ता तोंडी, मुदत एका हंगामाची, आणि पुढच्या वर्षी माणूस किंवा वावर बदललेले. ज्या कायद्याने कसणाऱ्याला मालकी द्यावयाची त्याच्याच धाकाने कसणारा कागदावरून नाहीसा झाला. यात सगळेच मालक लबाड आहेत असे नाही. गावाकडे दोन एकर ठेवून पुण्याला कारखान्यात राबणारा मुलगा किंवा एकटी राहणारी विधवा यांचीही भीती खरीच असते. पश्चिम बंगालने १९७८ पासून 'ऑपरेशन बर्गा'च्या मोहिमेत वाटेकऱ्यांची नावे गावोगाव जाहीर शिबिरे घेऊन नोंदविली आणि त्यांना वहिवाटीचा वारसाहक्क दिला. आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये निराळी वाट धरली: मालकीला धक्का न लावता, कसणाऱ्याला तेवढ्या हंगामापुरते ओळखपत्र, जेणेकरून त्याला पीककर्ज, विमा आणि नुकसानभरपाई मिळावी. २०१९ च्या कायद्याने मात्र त्यासाठी मालकाची संमती आवश्यक केली आणि संमती द्यायला मालक कचरू लागले. निती आयोगाने २०१६ मध्ये आदर्श जमीनपट्टा कायद्याचा मसुदा राज्यांना पाठविला. त्यात मालकाला निर्भय करण्याची काळजी अधिक आहे, कसणाऱ्याला स्थैर्य देण्याची कमी. समाजवादी विचाराच्या माणसाला आंध्रची वाट तोकडी वाटेल. परंतु आज ज्याच्या हातात काहीच कागद नाही त्याच्या दृष्टीने हंगामापुरता कागदही पुढच्या मागणीची पहिली पायरी ठरू शकतो, आणि वऱ्हाडात तरी सुरुवात तेथूनच करावी लागेल.

ही सुरुवात करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र. सात नंबरचा नमुना अधिकाराचा. बारा नंबरचा पिकाचा. बारा नंबरात कोणते पीक, किती क्षेत्र, याबरोबर जमीन कसणाऱ्याच्या नावाचीही जागा पूर्वी असे. त्या जागी पिढ्यान्‌पिढ्या 'खुद्द' असा एकच शब्द लिहिला गेला. मालकाखेरीज दुसरा कोणी वहिवाट करीत असल्यास त्याची नोंद करण्यासाठी सात-ब हा निराळा नमुनाही आहे. अशी वहिवाट पीकपाहणीच्या वेळी आढळली तर तलाठ्याने ती तहसीलदाराला कळवावी, अशी तरतूद आहे. २०२१ पासून पीकपाहणी भ्रमणध्वनीवरून खातेदाराने स्वतः करण्याची सोय झाली. सोय चांगलीच, पण तिने पिकाची नोंद करण्याचे कामही खुद्द खातेदाराकडेच दिले.

तेव्हा येत्या खरिपात पीकपाहणीची मुदत सुरू झाली म्हणजे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात चावडीवाचनाची मागणी करावी. नमुना मोठ्याने वाचला जावा, आणि प्रत्येक गट क्रमांकाला मजूर-बायांसह जमलेल्या लोकांना साध्या वऱ्हाडीत एकच प्रश्न विचारावा: हे वावर यंदा कोनं पेरलं? चावडीत जे उत्तर मिळेल आणि कागदावर जे लिहिलेले असेल, त्यांत फरक पडेल ते गट क्रमांक वहीत उतरवून घ्यावेत. पेरणाऱ्याची तयारी असेल तेथे त्याच्या नावाने तहसीलदाराकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. जेथे भीतीपोटी तो तयार होणार नाही तेथे त्याच्यावर बळजबरी करू नये. तेथे वहीतली नोंद पुरेशी आहे. दोन जिल्ह्यांतील शंभर गावांच्या अशा वह्या दिवाळीपर्यंत एकत्र झाल्या तर पुढच्या अधिवेशनात ठराव कोणत्या शब्दांत मांडायचा, याची चर्चा त्या वह्या समोर ठेवून करता येईल.